भट्टी, धूळ आणि माणूस: फौंड्रीत वीजबचत आणि कामगारहित एकाच वहीत कसं मांडायचं

भट्टीचं झाकण भंगाराच्या ढिगामागे पडलेलं होतं. बिजागरीची पिन तुटली म्हणून कुणीतरी ते उतरवून ठेवलं आणि पुढचे सहा महिने पाचशे किलोची इंडक्शन भट्टी (लोखंड विजेवर वितळवणारी) उघड्या तोंडानं चालली. भट्टीवरचा माणूस ओला पंचा तोंडाला गुंडाळून उभा राहायचा. डोळे चुरचुरतात म्हणायचा. ऑफिसात त्याच काळात चर्चा चालू होती, टनामागे युनिट का वाढले याची. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं आणि ते भंगारात पडलं होतं. नवी पिन घातली, तासाभराचं वेल्डिंग केलं, झाकण परत बसलं. मीटर खाली आला आणि पंचाही सुटला.

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत (लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत) मेंटेनन्स सांभाळताना हीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. पर्यावरणाची फाइल एका कपाटात असते, कामगार कल्याणाची दुसऱ्या. कारखान्यात मात्र जिथून वीज गळते तिथूनच बहुतेक वेळा माणसाची ताकद गळते. म्हणून दोन्हींचा हिशोब एका वहीत ठेवा, डावीकडे युनिट आणि उजवीकडे माणूस. कोणताही बदल करताना दोन्ही रकाने भरा. एक रकाना सुधारून दुसरा बिघडत असेल, तर तो बदल तसाच पुढे रेटू नका.

पुढे लिहिलंय ते पन्नास ते तीनशे माणसांच्या फौंड्रीसाठी. प्रेस शॉप किंवा मशिन शॉपवाल्यांना भट्टीचा भाग सोडून बाकीचं बरंचसं लागू पडेल.

पहिला आठवडा: फक्त चाला आणि लिहा

सल्लागार बोलावण्याआधी मालकाने किंवा प्लँट हेडने स्वतः तीन पाळ्या पायी फिरायच्या. सकाळी सहाची पाळी सुरू होताना एकदा, दुपारी दोन-अडीचला एकदा आणि रात्री दोन वाजता एकदा. रात्रीची फेरी टाळू नका. कारखान्याचं खरं रूप रात्री दिसतं. कुठला ब्लोअर (धूळ ओढणारा पंखा) बंद ठेवलाय, पाण्याचा जार कधी संपलाय, कोण सलग दुसऱ्या पाळीला थांबलाय, हे दिवसा कळत नाही.

वहीत मतं लिहायची नाहीत, दिसलं तेवढंच लिहायचं. "नॉकआउटजवळ चौघे, मास्क एकाकडे." "कॉम्प्रेसर चालू, लाइन बंद." "कोअर शॉपमधल्या बायकांना बाथरूमला जायला फेटलिंगमधून जावं लागतं." (कास्टिंग म्हणजे साच्यात ओतून तयार झालेला भाग. नॉकआउटला वाळूचा साचा फोडून तो बाहेर काढतात, फेटलिंगला घासून साफ करतात, आणि कोअर शॉपमध्ये साच्याच्या आत ठेवायचे वाळूचे गाभे बनवतात.) माझ्या अशा एका फेरीत एक्केचाळीस नोंदी झाल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींना पैसे लागतच नव्हते.

त्याच आठवड्यात पाच आकडे काढून ठेवा: भट्टीच्या मीटरवर टनामागे युनिट, संपूर्ण कारखान्याचे चांगल्या कास्टिंगच्या टनामागे युनिट, रिजेक्शनचा टक्का, बाहेर फेकली जाणारी वाळू आणि महिन्यातली गैरहजेरी. गैरहजेरी विभागवार काढा. नॉकआउट आणि फेटलिंगची गैरहजेरी ऑफिसच्या दुप्पट दिसली, तर तिथली हवा तुम्हाला काहीतरी सांगतेय.

भट्टीच्या आकड्याचा अंदाज असा. लोखंड वितळवून दीड हजार अंशांपर्यंत न्यायला कागदावर टनाला साधारण चारशे युनिट पुरतात. प्रत्यक्षात भट्टीच्या मीटरवर साडेपाचशेच्या आसपास असलं तर काम चांगलं चाललंय. साडेसहाशेच्या वर गेलं तर गळती आहे आणि ती शोधली की सापडते.

रविवारची कॉम्प्रेसर चाचणी

सुरुवात इथून करा, कारण निकाल त्याच दिवशी मिळतो आणि लोकांचा विश्वास बसतो.

सुटीच्या दिवशी सगळी मशिन बंद ठेवायची, पण हवेच्या लाइनचे व्हॉल्व्ह उघडेच ठेवायचे. कॉम्प्रेसर चालू करायचा. आता हवा कुणीच वापरत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर जेव्हा जेव्हा लोडवर जाईल (हवा भरायला लागेल) तेव्हा तो फक्त गळती भरून काढतोय. स्टॉपवॉच घ्या. लोडवर किती सेकंद आणि अनलोड किती सेकंद, असे पाच-सहा फेरे लिहा. लोड सरासरी ९० सेकंद आणि अनलोड २१० सेकंद निघाला, तर ९० भागिले ३००, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या तीस टक्के हवा भोकांतून जातेय. पहिल्यांदा मोजणाऱ्याला हा आकडा खोटा वाटतो. पुन्हा मोजा, तोच येईल.

मग साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश घेऊन दोन माणसं लाइनवर सोडा. क्विक कपलिंग, होज क्लँप, ड्रेन व्हॉल्व्ह, मोल्डिंग मशिनच्या सिलिंडरचं पॅकिंग, हातोड्यांची रबरी नळी ही नेहमीची ठिकाणं. सापडेल तिथे लाल चिंधी बांधायची. सोमवारी कामावर आलेल्या माणसांना सगळ्या शॉपभर लाल चिंध्या दिसल्या की वेगळं भाषण करावं लागत नाही.

पैशाचा हिशोबही सांगून ठेवतो. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक असेल, तर त्यामागे साधारण तीन किलोवॅट जातात. वर्षाला सहा हजार तास धरले तर अठरा हजार युनिट, युनिट नऊ रुपयांनी धरलं तर एक लाख बासष्ट हजार रुपये. कपलिंग येतं काही शे रुपयांना. शिवाय दाब गरजेपेक्षा एक बार जास्त ठेवला की कॉम्प्रेसर सहा-सात टक्के जादा वीज खातो. बऱ्याच ठिकाणी गळतीमुळे टोकाला दाब पोचत नाही म्हणून दाब वाढवतात, आणि दाब वाढला की गळती आणखी वाढते. आधी भोकं बुजवा, मग दाब अर्ध्या-अर्ध्या बारने खाली आणा.

उजवा रकाना इथे जास्त महत्त्वाचा आहे. पाळी सुटताना माणसं हवेच्या नळीने अंगावरचे कपडे झटकतात. सवय जुनी आहे आणि त्यांनाही घरी मळके कपडे न्यायचे नसतात. पण त्या फवाऱ्याने सिलिकाची (वाळूतल्या खनिजाची) बारीक धूळ पुन्हा हवेत उडते आणि थेट नाकात जाते. दाबाची हवा जखमेतून, डोळ्यातून, कानातून शरीरात शिरली तर जिवावर बेततं. नुसती बंदी घालून हे थांबत नाही. शॉपच्या दाराशी व्हॅक्यूमची नळी बसवा, कारखान्यातच कपडे धुण्याची सोय करा आणि गरम पाण्याची बाथरूम द्या. माणूस स्वच्छ कपड्यात घरी जायला लागला की हवेची नळी आपोआप सुटते.

भट्टी

झाकणाबद्दल सांगितलंच. वितळलेल्या लोखंडाच्या उघड्या पृष्ठभागातून उष्णता प्रकाशासारखी बाहेर फेकली जाते. लहान भट्टीच्या तोंडातूनसुद्धा वीस-तीस किलोवॅट सहज जातात आणि त्यातला काही भाग समोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर पडतो. झाकण फक्त चार्ज (वितळवायचा माल) टाकताना, स्लॅग (वर येणारी मळी) काढताना आणि ओतताना उघडायचं, ही एकच शिस्त लावा. हाताने उचलायचं जड झाकण कुणी लावत नाही, म्हणून पायाने किंवा सिलिंडरने हलणारं करून द्या.

दुसरी गोष्ट भंगार. गंजलेलं, मातीचं, वाळू चिकटलेलं भंगार भट्टीत गेलं की त्याची स्लॅग होते आणि ती वितळवायलाही वीज लागते. स्वतःचेच रनर-रायझर (कास्टिंगला जोडून राहणारे जादा भाग) शॉट ब्लास्ट करून, म्हणजे छऱ्यांच्या माऱ्याने साफ करून, टाकले तरी फरक पडतो. भंगार निवडताना बंद नळ्या, शॉक ॲब्सॉर्बर, तोंड बंद असलेले डबे बाजूला काढायचेच. आत पाण्याचा थेंब किंवा हवा कोंडलेली असली की भट्टीत स्फोट होतो आणि वितळलेलं लोखंड छपरापर्यंत उडतं. पावसाळ्यात भंगाराला छप्पर नसेल तर ओलसर भंगारानेही हेच होतं. वर्षभर करायच्या सगळ्या खर्चांत भंगाराच्या यार्डावर पत्रा घालणं मी पहिल्या तिनात ठेवीन. कोरडं भंगार कमी वीज खातं आणि माणसं सुखरूप घरी जातात.

तिसरी गोष्ट तापमान. तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरच्या टिपा महाग म्हणून अंदाजाने ओतलं जातं आणि अंदाज नेहमी वरच्या बाजूला चुकतो. पन्नास अंश जादा तापवलं की टनामागे पंधरा-वीस युनिट वाया जातात, लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) लवकर झिजतं आणि कास्टिंगमध्ये वाळू भाजून चिकटते. ती चिकटलेली वाळू काढायला फेटलिंगवाल्याला जास्त घासावं लागतं, म्हणजे जास्त धूळ. लाडल (ओतायचं भांडं) आधी नीट तापवला तर भट्टी जादा तापवायची गरजच उरत नाही.

रिजेक्शनही याच रकान्यात धरा. फेकलेल्या कास्टिंगचं लोखंड दोनदा वितळलं, वाळू दोनदा मिसळली, माणसाने दोनदा उचललं. रिजेक्शन एक टक्क्याने खाली आणणं हे छपरावर पॅनेल बसवण्याइतकंच हरित काम आहे. तेवढं कौतुक त्याचं कुठल्याही फलकावर होत नाही. व्हायला हवं.

धूळ: इथे सर्वात जास्त वेळ द्या

गूळ. फौंड्रीत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाळी सुटताना खडा गूळ वाटतात, काही ठिकाणी दूधही देतात. धूळ पोटात जाते आणि गुळाबरोबर निघून जाते, असा समज आहे. गूळ खायला काहीच हरकत नाही, आपल्या कोल्हापूरचा तर नाहीच नाही. पण सिलिकाची धूळ पोटात नाही, फुप्फुसात जाऊन बसते, आणि तिथून तिला गूळ, दूध, केळी यातलं काहीही बाहेर काढत नाही. फुप्फुसात व्रण तयार होतात, माणसाला जिना चढताना दम लागायला लागतो, टीबीची शक्यता वाढते. हाच सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. स्फटिकरूप सिलिका कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच जाहीर केलंय. गूळ वाटून आपलं कर्तव्य झालं असं मानणारे चांगल्या मनाचे मालक मी पाहिलेत, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितो.

दिसणारी धूळ आणि मारणारी धूळ वेगळी. संध्याकाळी चारला पत्र्याच्या फटीतून ऊन आत येतं, त्यात जे जाड कण नाचताना दिसतात ते थोड्या वेळाने खाली बसतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण इतके बारीक असतात की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. ते पाहायचे असतील तर रात्री त्या कोपऱ्यातले दिवे घालवा आणि एक तीव्र टॉर्च ग्राइंडिंग करणाऱ्याच्या मागून आपल्या दिशेला धरा. हवेत ढग दिसेल, आणि तो कुठून निघून कुणाच्या तोंडाशी जातो तेही दिसेल. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून त्याच माणसांना दाखवा. मास्क लावा म्हणून दहा वेळा सांगण्यापेक्षा तो एक व्हिडिओ उपयोगी पडतो. अर्थात टॉर्चने आकडा मिळत नाही. त्यासाठी कामगाराच्या कॉलरला लावायचा नमुना-पंप घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पूर्ण पाळीची मोजणी करून घ्यावी लागते.

उपाय कोणत्या क्रमाने करायचे ते ठरलेलं आहे, आणि मास्क त्यात शेवटी येतो.

आधी धूळ निर्माणच कमी करा. वाळूत ओल योग्य ठेवा, कोरडं झाडणं बंद करून ओलं झाडणं किंवा व्हॅक्यूम आणा. कास्टिंग पुरेसं थंड झाल्यावरच नॉकआउटला घ्या.

मग उगमाशीच ओढून घ्या. ग्राइंडरला, नॉकआउटला हूड (धूळ ओढून घेणारं तोंड) लागतो आणि तो कामाच्या अगदी जवळ लागतो. हूड एक फूट लांब सरकला की त्याची ओढ इतकी घटते की ब्लोअर चालू असून नसल्यासारखाच. बहुतेक ठिकाणी मोठं कास्टिंग बसत नाही म्हणून कधीतरी हूड वर बांधून ठेवलेला असतो आणि तो तसाच राहतो. हलता, लांबवता येणारा हूड द्या. बॅग फिल्टरवरच्या दाबमापकाचा आकडा रोज लिहायची जबाबदारी एका माणसाच्या नावाने द्या.

वीज वाचवायची म्हणून रात्री डस्ट कलेक्टरचा ब्लोअर बंद ठेवणं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. डाव्या रकान्यात बचत दिसते, उजव्यात फुप्फुसं जातात. त्याच ब्लोअरवर वीज वाचवायचा योग्य मार्ग आहे. जी ग्राइंडर बंद आहेत त्यांच्या डक्टला झडप लावा आणि ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवून, चालू हूडांना लागेल तेवढाच वेग ठेवा. पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी उतरवला की वीज जवळपास निम्म्यावर येते. चालू हूडाची ओढ मोजून घ्या, ती कमी होता कामा नये.

मास्क. कापडी रुमाल आणि साधा सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी. किमान एन-९५ दर्जाचा, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसतो का ते तपासून. दाढी असेल तर कडेने हवा आत येते, हे समजावून सांगावं लागतं. लायनिंग फोडताना आणि रॅमिंग मास (अस्तराची पूड) भरताना सर्वांत जास्त शुद्ध सिलिका उडते आणि नेमक्या त्याच कामाला ठेकेदाराची नवी पोरं लावली जातात. त्या दोन कामांना काडतूस असलेला हाफ-फेस मास्क द्या, आणि त्या वेळी शेजारी दुसरं कुणी नको.

वाळूचा डावा रकानाही पाहू. वापरलेली वाळू ओढ्याकाठी किंवा माळावर टाकणं बेकायदा तर आहेच, शिवाय नवी वाळू कुठल्यातरी नदीतून किंवा खाणीतून येते. मेकॅनिकल रिक्लमेशनने (वाळू घासून पुन्हा वापरण्याजोगी करून) ग्रीन सँडचा, म्हणजे मातीच्या ओल्या वाळूचा, मोठा भाग फिरवता येतो, रेझिनची वाळू पुरती साफ करायला थर्मल, म्हणजे भाजणं, लागतं. एकट्याला न परवडणारं थर्मल युनिट पाच-सहा फौंड्र्यांनी मिळून चालवायचा विचार करा. उरलेली वाळू पेव्हर ब्लॉक आणि विटांना चालते, मात्र द्यायच्या आधी तिची चाचणी करा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात काय लिहिलंय ते पाहा.

उष्णता, पाणी आणि पाळीच्या वेळा

पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा विजेला सवलत होती, म्हणून फौंड्र्या रात्री पेटायच्या. एक अख्खी पिढी दिवसा झोपली, तीही पत्र्याच्या खोलीत. आता दरपत्रकाचं चित्र उलटलंय. दुपारच्या सौर तासांना सवलत आणि संध्याकाळनंतर जादा आकार. तुमच्या महावितरणच्या बिलावर वेळेचे झोन आणि प्रत्येक झोनचे युनिट छापलेले असतात. आधी ते वाचा, मग वेळापत्रक बदला.

रात्रीची पाळी कमी होणं ही माणसांसाठी खरीखुरी चांगली बातमी आहे. झोप सुधारते, महामार्गावरून पहाटे पेंगत दुचाकीने जाणं थांबतं. पण इथे दोन्ही रकाने भांडतात. एप्रिल-मे महिन्यात सर्वांत स्वस्त वीज आणि सर्वांत वाईट ऊन एकाच वेळी येतं. दुपारी दोनला पत्र्याखाली भट्टीसमोर माणूस उभा करणं योग्य नाही, वीज कितीही स्वस्त असो. मी असं करतो: वर्षातले दहा महिने वितळणं नऊ ते पाचमध्ये, आणि एप्रिल-मेमध्ये पहाटे सहा-साडेसहाला सुरू करून दुपारी एकच्या आत शेवटची हीट (भट्टीची खेप). त्या दोन महिन्यांत युनिटमागे जे जादा पैसे जातात ते उष्माघाताच्या एका केसपेक्षा स्वस्त आहेत.

नवा माणूस आणि गावाहून सुटी काढून परतलेला माणूस, दोघांनाही पहिल्या दिवशी उष्णतेत पूर्ण वेळ लावू नका. नव्याला पहिल्या दिवशी पाळीच्या वीस टक्केच वेळ भट्टीजवळ, मग रोज वीस टक्क्यांनी वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. शरीराला घाम नीट सोडायला शिकायला एवढे दिवस लागतातच. उष्माघाताच्या घटना पहिल्या काही दिवसांत जास्त घडतात आणि ते दिवस बहुतेकदा ठेकेदाराच्या माणसाचे असतात.

पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहान लागायची वाट न पाहता. त्यासाठी पाणी भट्टीपासून वीस पावलांत हवं. शॉपच्या दुसऱ्या टोकाला कूलर ठेवला तर मेल्टर (भट्टीवरचा माणूस) जात नाही, कारण भट्टी सोडता येत नाही. मिठाचं ताक, लिंबूपाणी, ओआरएस. ताक आपल्याकडे सहज मिळतं आणि लोक आवडीने पितात. रक्तदाबाच्या रुग्णांना मिठाबद्दल डॉक्टरांना विचारून सांगा.

मेल्टरचे बूट बिनलेसचे, पटकन काढता येणारे, आणि पँट बुटाच्या बाहेरून. लोखंडाचा थेंब बुटात गेला की लेस सोडायला वेळ नसतो. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यानंतर लेसचा बूट भट्टीवर दिसला की काम थांबवतो.

छपरावरचं सोलर

याबद्दल उत्साह खूप आहे, म्हणून हिशोब देतो. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिट मिळतात. शंभर किलोवॅट बसवले तर वर्षाला एक लाख चाळीस हजार, महिन्याला अकरा-बारा हजार युनिट. महिन्याला पाचशे टन वितळवणारी फौंड्री फक्त भट्टीवर तीन लाख युनिट खाते. म्हणजे सोलर तिच्या चार टक्क्यांना पुरतं. बसवा, पण गळती बुजवल्यावर. जुन्या सिमेंट पत्र्याचं छप्पर भार पेलणार नाही, आणि त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, ते भोक पाडायच्या किंवा फोडायच्या लायकीचं नाही. फौंड्रीच्या छपरावर धूळ बसते, पॅनेल दर आठवड्याला धुवावे लागतात आणि धुणाऱ्या माणसाला सेफ्टी बेल्टची लाइन लागते. हे सगळं कोटेशनमध्ये आधीच घ्या.

कायदा किमान सांगतो, तुम्ही माणसं मोजा

१९४८ च्या कारखाना अधिनियमात अडीचशेहून जास्त कामगारांना कँटीन आणि पाचशेला कल्याण अधिकारी अशी अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कँटीनची अट ठेक्यावरचे धरून शंभरावर आली, कल्याण अधिकाऱ्याची अडीचशेवर आली आणि पाळणाघराची पन्नासावर. "आपण त्यात येत नाही" असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्या बऱ्याच मध्यम फौंड्र्या आता येतात. हजेरीपटावर आणि ठेकेदाराच्या रजिस्टरवर मिळून किती, ते मोजून घ्या.

साठ माणसांच्या कारखान्याला कँटीन बंधनकारक नसलं तरी बसून डबा खायची जागा द्या, धुळीपासून वेगळी, हात धुवायच्या बेसिनसह. वाळूच्या हाताने भाकरी खाणं अजून बंद झालेलं नाही. आणि कायमचे आणि ठेक्याचे यांच्यासाठी जेवणाची टेबलं वेगळी ठेवू नका. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशचे कितीतरी हात आहेत. त्यांना वर्षातून एकदा सणाची मिठाई देण्यापेक्षा सुरक्षेच्या सूचना त्यांच्या भाषेत द्या. पाटी वाचता न येणाऱ्यासाठी चित्र लावा. ठेकेदाराने ईएसआय (राज्य कामगार विम्याचा हप्ता) भरलाय का ते चलन पाहून तपासा. महिन्याला एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण त्यात येतो, आणि ठेक्याचा माणूस भाजला तर दवाखान्याच्या दारात ठेकेदार फोन उचलेलच असं नाही.

कोअर शॉपमधल्या महिलांसाठी वेगळं, शॉपच्या जवळचं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली पहिल्या महिन्यात व्हायला हवी. स्वच्छतागृह लांब असलं की बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यात शेल कोअरच्या गरम मशिनसमोर पाणी न पिता आठ तास. कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून तुम्ही विचारा, आणि विचारायला एखाद्या बाईलाच पाठवा.

पैसे आणि समिती

बचत झाली की ती कुठे गेली हे लोकांना दिसलं पाहिजे. मी सुचवतो ती पद्धत साधी आहे. दर महिन्याला पाच आकडे फलकावर लावायचे. सिद्ध झालेल्या वीजबचतीतला अर्धा वाटा कामगारांच्या सोयींच्या खात्यात, आणि तो कशावर खर्च करायचा हे समितीने ठरवायचं. समितीत मेल्टर, मोल्डर, फेटलर, कोअर शॉपमधली एक महिला आणि ठेक्याचा एक माणूस, मॅनेजमेंटचे दोघे. एका ठिकाणी समितीने पहिल्याच पैशांतून गरम पाण्याची चार बाथरूम मागितली. ऑफिसने टीव्ही सुचवला होता.

मोठ्या ग्राहकांकडून आता प्रश्नावल्या येतात. सेबीने सर्वांत मोठ्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि कामगारांबद्दलचा बीआरएसआर अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे त्या आपल्या पुरवठादारांनाही आकडे विचारतात. तुमची वही नीट असेल तर उत्तर अर्ध्या दिवसात लिहून होतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राच्या खर्चावर अनुदान आहे, सूक्ष्मला ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५०.

तपासणीचा कागद

वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी, ठेक्याच्या माणसांसकट. नुसता रक्तदाब आणि साखर नको. धुळीच्या विभागात छातीचा एक्स-रे, फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी, आणि आवाजाच्या ठिकाणी कानांची चाचणी. एक्स-रे सिलिकोसिस ओळखता येणाऱ्या डॉक्टरांकडून वाचून घ्या. नाहीतर टीबी म्हणून औषध सुरू होतं आणि माणूस त्याच धुळीत परत येतो. कुणाच्या फुप्फुसात काही दिसलं तर त्याला धुळीच्या कामावरून हलवा, पगार न कापता. पगार कापला तर पुढच्या वर्षी एकही माणूस खरं सांगणार नाही.

आणि ते सगळे कागद कारखान्याच्या कपाटात ठेवून देऊ नका. सिलिकोसिस दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढतो, तेव्हा तो माणूस गंजाम किंवा गयेच्या एखाद्या गावात असतो आणि आपण कुठे, कोणत्या विभागात, किती वर्षं काम केलं याचा एकही कागद त्याच्याकडे नसतो. कायद्याने हा व्यवसायजन्य आजार आहे, भरपाई मिळते, पण पुरावा लागतो. म्हणून काम सोडताना प्रत्येकाला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे एक्स-रे, चाचण्यांच्या प्रती आणि कारखान्याच्या लेटरहेडवर एक पान द्या: या तारखेपासून या तारखेपर्यंत, नॉकआउट विभागात, ईएसआय क्रमांक हा. त्याच्या मोबाइलवर त्या सगळ्याचे फोटोही पाठवा. पावसात फोल्डर भिजला तरी फोटो राहतील.